बासष्ट फायली

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एचआरच्या स्वप्नाने रचना ओव्हाळला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. रचनाला वाटलं, सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मागितलेल्या रजेबद्दल काहीतरी असेल. म्हणून ती रजेच्या अर्जाची प्रत हातात घेऊनच आत गेली. आत तिचा मॅनेजर हितेश बसलेला होता, आणि टेबलावर दोन लिफाफे होते.

"बसा ना मॅडम," स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि तेवढ्यावरूनच रचनाला कळलं की हे रजेचं नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटमधली ही कंपनी आरोग्य विम्याचे क्लेम तपासायची. लोक हॉस्पिटलचं बिल आधी स्वतः भरायचे, मग सगळे कागद इथे पाठवायचे. ते कागद वाचून पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवायला तीस जणांची टीम होती. रचना त्यात सोळा वर्षं होती. टीममध्ये तिच्याहून जुनं कुणीच नव्हतं.

"कंपनी तुम्हाला दोन ऑप्शन देतेय," स्वप्नाने पहिला लिफाफा पुढे सरकवला. "हा पीआयपी. म्हणजे साठ दिवसांची सुधारणा योजना. रोज पंचावन्न फायली बंद करायच्या. जमलं तर तुम्ही आहात तिथेच. नाही जमलं तर एक महिन्याचा पगार, आणि कंपनी तुम्हाला कमी करेल." मग दुसरा लिफाफा. "किंवा आत्ताच स्वतःहून राजीनामा. त्याचं पॅकेज आत लिहिलंय. शुक्रवारी पाचपर्यंत सांगायचं."

"माझं किती भरतं सध्या?" रचनाने विचारलं, जरी तिला ते माहीत होतं.

"अडतीस," हितेश म्हणाला. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान होता आणि तिच्याकडे न बघता लॅपटॉपकडे बघत होता. "मॅडम, पर्सनल काही नाहीये. सिस्टीम जे दाखवते ते दाखवते."

सिस्टीम रोज भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर तीस नावं दाखवायची. गेले सहा महिने रचनाचं नाव तळाशी होतं, लाल रंगात. आधी तिला राग यायचा. मग लाज वाटायला लागली. अलीकडे अलीकडे तर तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. आपण बेचाळीस वर्षांच्या झालो, डोळे दमतात, नवीन पोरं भराभर करतात, आपला हात चालत नाही.

खरं कारण वेगळं होतं, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. फाइलमध्ये एखादा कागद कमी असला की बाकीचे लोक 'कागद अपुरे' असं बटण दाबायचे. पेशंटला मेसेज जायचा आणि फाइल बंद झाली असं मोजलं जायचं. रचना तसं करत नव्हती. ती फोन उचलायची. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला विचारायची, कधी पेशंटच्या मुलाला, कधी केमिस्टला. कागद यायला दोन दिवस लागायचे, तोवर फाइल उघडी राहायची, आणि उघडी फाइल शून्य मोजली जायची. नोकरीला लागली तेव्हा तिला हेच काम म्हणून शिकवलं होतं.

संध्याकाळी शहाडला घरी आल्यावर तिने दोन्ही लिफाफे जेवणाच्या टेबलावर ठेवले. नवरा राजरत्न मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सकाळची शिफ्ट संपवून तो घरी आलेला. त्याने पहिली दोन पानं वाचली आणि खुर्ची ओढून खाली बसला.

"सोळा वर्षांनी असं करतात?"

"करतात की. समोर ठेवलंय."

सासरे रामा पलंगावर पाय लांब करून बसले होते. आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या खात्यात फिटर होते आणि तेवढीच वर्षं युनियनमध्ये. ते तिथूनच म्हणाले, "राजीनामा आपण होऊन द्यायचा नाही, सूनबाई. त्यांना काढू दे. काढायचं तर कारण द्यावं लागतं."

"बाबा, प्रायव्हेटमध्ये तसं नाही ना चालत. काढलं तर दुसरीकडे विचारतात, का काढलं म्हणून."

"मग साठ दिवस लढ. तू काय कामाला कमी आहेस?"

रचनाने लिफाफे स्वतःकडे ओढले. तिला तोच तर प्रश्न होता. मुलगी माया बारावीला होती, ती पुस्तकातून डोकं वर काढून आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू आधी ते नीट वाच तरी. मला सांगतेस ना, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नको म्हणून."

त्या दिवशी मात्र रचनाला काहीच वाचवेना. तिने लिफाफे कपाटात ठेवून दिले.

मंगळवारी चहाच्या वेळेला तिने पोपट साळवेला गाठलं. पोपटला मागच्या वर्षी पीआयपी मिळाली होती आणि तो त्यातून सुटला होता. ऑफिसमध्ये असा तो एकटाच. बाकी ज्यांना ज्यांना ती मिळाली ते पन्नासाव्या दिवसाच्या आत गेले होते. दोघं गेटबाहेरच्या टपरीवर उभे राहिले.

"खरं सांग पोपट, कसं केलंस?"

"तुलाही दिली?" त्याच्या हातातला ग्लास थांबला. "अरे देवा. मला वाटलं तुला नाही हात लावणार."

"सांग ना."

"काय सांगायचं? फोन बंद केला. कागद नाही, दाब बटण. दोन पानं वाचायची, तिसरं नाही वाचायचं. आता सत्तर करतो मी. गेल्या महिन्यात बक्षीस पण दिलं मला, मिक्सर."

"आणि त्या पेशंटचं काय होतं?"

"ज्याला गरज आहे तो परत पाठवतो."

"नाही पाठवला तर?"

पोपटने चहावर फुंकर मारली, खूप वेळ मारत राहिला. "मला नावं ठेवू नकोस गं. मेव्हण्याला घरी आणून ठेवलंय, आई अंथरुणावर आहे. मी तेव्हा विचार करायचं बंदच केलं."

"नाही ठेवत नावं," रचना म्हणाली, आणि ते खरं होतं. पण परत जिना चढताना तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आपण संथ आहोत की नाही, हे आधी कळायला हवं. ते कळल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही.

बुधवारी ती साडेनऊला खुर्चीत बसली आणि फोन खणात टाकला. पहिल्या तासात नऊ फायली झाल्या. जिथे कागद पूर्ण होते तिथे तिला वेळच लागत नव्हता. सोळा वर्षांत डोळ्याला इतकं वळण लागलं होतं, की पान उलटायच्या आधीच गफलत कुठे असणार ते दिसायचं. जिथे कागद कमी होता तिथे तिने बटण दाबलं. पहिल्या वेळी बोट अडखळलं. पाचव्या वेळी नाही अडखळलं. जेवणाच्या सुट्टीत एकतीस. साडेचारला पन्नास. आणि हे कबूल करायला हवं, तिला मजा येत होती. अंगात वारं शिरावं तशी ती काम करत होती. सहा वाजता स्क्रीनवर तिच्या नावापुढे बासष्ट आकडा आला आणि तिचं नाव हिरवं झालं.

"क्या बात है मॅडम!" हितेशने टाळ्या वाजवल्या. दोन-चार जणांनी मागे वळून बघितलं. पोपटने लांबून अंगठा दाखवला, पण तो हसला नाही.

घरी तिने राजरत्नला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. "मी म्हातारी नाही झालेय रे. मी हळू नाहीये. बासष्ट केल्या, ऐकतोयस ना?"

"मग झालं की! मला तर माहीत होतं." राजरत्नला इतकं हलकं वाटलं की त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून जिलेबी आणली. रामांनी दोन खाल्ल्या. सगळे हसत होते. आणि रचना जिलेबीचा तुकडा हातात धरून एकदम गप्प झाली.

"काय झालं?"

"एक फाइल होती. आवडाबाई म्हणून, अडुसष्ट वर्षांच्या. खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन कल्याणला झालंय. सगळे कागद होते, फक्त डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांचा शिक्का नव्हता. मी बटण दाबलं."

"मग मेसेज गेला असेल ना त्यांना."

"इंग्रजीत जातो. नंबर नवऱ्याचा आहे, नामा नाव. ते बहात्तरचे. कोण वाचणार तो मेसेज? पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं की क्लेम बंद होतो." तिने तुकडा ताटलीत ठेवला. "अशा एकोणीस आहेत आजच्या."

राजरत्नने जिलेबीचा पुडा बांधून ठेवला. त्याला वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. बायको आता काय करणार हे त्याला कळून चुकलं होतं.

गुरुवारी रचना पाऊण तास आधी ऑफिसला पोचली. सगळे यायच्या आत तिने त्या एकोणीसच्या एकोणीस फायली परत उघडल्या. स्क्रीनवरचा बासष्टचा आकडा उतरत उतरत त्रेचाळीसवर आला, आणि नाव पुन्हा लाल झालं. मग तिने खणातून फोन काढला.

नामा कोळ्यांना तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. मागे बाजाराचा गोंगाट होता.

"शिक्का? कसला शिक्का? आमी तं समदे कागद दिले व्हते ना बाय."

"दिलेत काका, तुमचं काही चुकलेलं नाही. हॉस्पिटलकडून एक शिक्का राहिलाय. तुम्ही कुठे जाऊ नका, मीच त्यांच्याशी बोलते. काकींची तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. कालपासून बाजारात बसाया बगते. मी बोललो, आठ दिस थांब, तं ऐकत नाय."

पुढचा फोन कल्याणच्या हॉस्पिटलला होता. तिथल्या बिलिंग काउंटरवर शालन नावाच्या बाई होत्या. दोघी सहा वर्षं फोनवर बोलत होत्या, पण एकमेकींना कधी बघितलेलं नव्हतं.

"अगं बाई, तुम्ही आहात तर!" शालन म्हणाल्या. "काल एका दिवसात आमच्या चार पेशंटांचे फोन आले, तुमच्याकडून 'कागद अपुरे'चा मेसेज आला म्हणून. मी म्हटलं, रचना मॅडम रजेवर गेल्या की काय."

रचनाला त्यावर हसायला आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. खरं तर तिला सांगायचं नव्हतं, पण तिने सगळं सांगून टाकलं. लिफाफे, साठ दिवस, बासष्ट, सगळं. शालननी ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "शिक्का तासाभरात पाठवते. आणि एक विचारू? आमच्या डॉक्टरांना क्लेमचे कागद बघायला माणूस हवंय. निम्मे क्लेम आमच्याच चुकांनी अडकतात. मी शब्द देत नाही हं. पगारही तुमच्याएवढा नसणार. पण विचारून बघते."

"विचारा," रचना म्हणाली.

दिवसभरात एकोणीसपैकी चौदा फायलींचे कागद आले. नव्या फायली जेमतेम वीस झाल्या. हितेश दोनदा तिच्या टेबलाजवळून गेला, पण थांबला नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर रचना आणि राजरत्न उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. घरात रामा आणि माया होते, आणि हे बोलणं त्यांच्यासमोर नको होतं.

"पीआयपी मी पास होईन," रचना म्हणाली. "ते मला आता माहीत झालंय. म्हणजे त्यांनी मला दिलेला शेरा खोटा आहे. एवढं कळलं तरी खूप झालं. पण रोज तसं करणं मला जमणार नाही, राजरत्न."

"आणि फ्लॅटचा हप्ता?"

"म्हणूनच विचारतेय तुला. एकटीने ठरवत नाहीये."

तो पुलाच्या कठड्याला टेकला. "खोटं नाही बोलणार. मला भीती वाटते," तो म्हणाला. "माझ्या कारखान्यात उद्या काय होईल कोण सांगणार? पण काल तू जिलेबी खाली ठेवलीस ना, तेव्हा मला वाटलं, साठ दिवस असं तोंड करून ही घरी येणार, आणि साठ दिवसांनंतरही. ते मला नाही बघायचं. सात-आठ महिने जपून काढता येतील. मी ओव्हरटाइम घेईन. पण पॅकेज नीट वाचून घे. तू दुसऱ्यांचे कागद वाचतेस आणि स्वतःचे कपाटात ठेवतेस."

घरी येऊन तिने दुसरा लिफाफा उघडला आणि पेन्सिल घेऊन एखादी फाइल तपासावी तसा तो वाचला. पहिल्या पानावर पाच महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम ठळक अक्षरात होती, आणि ती कंपनीने मोठ्या मनाने दिलेली आहे असा एकूण सूर होता. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की या रकमेत ग्रॅच्युइटी धरलेली आहे. रचनाने ते वाक्य रामांना वाचून दाखवलं.

"ग्रॅच्युइटी?" रामा पलंगावर सरळ झाले. "ती तर तुझी कायद्याचीच आहे! पाच वर्षं झाली की मिळते. ती यात कशी मोजतात? आपल्याच खिशातनं काढून आपल्यालाच दान?"

पाचव्या पानावर होतं की राजीनाम्याच्या दिवसापासून कुटुंबाचा आरोग्य विमा बंद. रामांचं ऑपरेशन बावीस दिवसांवर होतं. रचनाने दोन्ही ठिकाणी खूण केली.

शुक्रवारी तीन वाजता ती त्याच छोट्या खोलीत बसली. या वेळी तिने स्वतःहून वेळ मागून घेतली होती.

हितेश घाईघाईने म्हणाला, "मॅडम, मी वर बोललोय. बुधवारी तुम्ही बासष्ट केल्यात, त्यामुळे तुमची पीआयपी तीस दिवसांची करू. फॉर्मॅलिटी फक्त. तुम्ही आरामात निघाल यातून."

"आणि गुरुवारी मी एकोणीस परत उघडल्या, ते बघितलंत?"

"बघितलं." त्याने लॅपटॉपवरून नजर वर केली. "का केलंत तसं?"

"त्यातल्या चौदांना एकेका कागदासाठी पैसे मिळाले नसते. कागद एका दिवसात आले."

हितेशने लॅपटॉप मिटला. "मला पण वरून आकडा येतो मॅडम," तो हळूच म्हणाला. त्यात बहाणा नव्हता. रचनाला तो त्या क्षणी अगदी पोरसवदा वाटला.

"मला माहीत आहे. तुमच्यावर राग नाही. मी राजीनामा देणार आहे. पण या कागदावर नाही." तिने पॅकेज स्वप्नासमोर ठेवलं. "पान तीन. ग्रॅच्युइटी वेगळी काढा, ती माझी आहेच. तिच्या जागी दोन महिन्यांचा पगार घाला. पान पाच. विमा मार्चपर्यंत चालू ठेवा, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे. आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये कामगिरीबद्दल वाकडा शब्द नको."

"मॅडम, हे स्टँडर्ड पॅकेज आहे. बदलत नाही ते."

"मग मी पीआयपी घेते. आणि ग्रॅच्युइटीबद्दल लेखी विचारते."

हे बोलताना तिचे तळहात ओले झाले होते. तिने ते मांडीवर ओढणीखाली ठेवले होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत. स्वप्ना कागद घेऊन बाहेर गेली आणि अर्ध्या तासावर वेळ गेला. हितेश आणि रचना समोरासमोर बसून राहिले. एकदा त्याने पाणी हवं का विचारलं.

स्वप्ना परत आली ती नवीन पानं घेऊन. ग्रॅच्युइटी वेगळी. विमा मार्चपर्यंत. पत्रात फक्त 'सोळा वर्षांची सेवा'. दोन महिन्यांऐवजी एकच महिना वाढला होता. रचनाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं. कुणी घाई केली नाही. मग तिने सही केली.

दारापर्यंत सोडायला आलेली स्वप्ना म्हणाली, "यंदा चौदा जणांनी माझ्यासमोर यावर सही केलीय. तिसरं पान कुणी वाचलं नव्हतं."

"मग आता त्यांना सांगा."

"मी नाही सांगू शकत, मॅडम."

"बरं, मी सांगते," रचना म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी तिने भावनाला फोन केला, जी दिवाळीआधी असाच राजीनामा देऊन रडत रडत गेली होती. भावनाकडे बाकीच्यांचे नंबर होते. त्यातल्या सहा जणांनी मिळून पुढे कंपनीला पत्र लिहिलं.

रामांचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी ते वॉकर घेऊन चालले आणि वॉर्डमधल्या सगळ्यांना आपली विम्याची कहाणी ऐकवून आले. मधल्या काळात रचनाने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणी वय आडवं आलं, दुसऱ्या ठिकाणीही रोजच्या फायलींच्या आकड्याचाच प्रश्न होता. काही सकाळी तिला वाटायचं, चूक झाली. राजरत्न ओव्हरटाइम करून थकून यायचा, तेव्हा तर फारच वाटायचं.

मग दीड महिन्याने शालनचा फोन आला. डॉक्टरांनी बोलावलं होतं. पगार आधीच्या दोन तृतीयांश होता आणि सहा महिन्यांनी बघू असं ते म्हणाले. रचनाने त्यांना स्पष्ट सांगितलं की वाढ झाली नाही तर तिला राहता येणार नाही. डॉक्टर हसले, म्हणाले, तोवर आमचे क्लेम अडकायचे थांबले तर वाढ आपोआप परवडेल. शालनला तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. फोनवरच्या भारदस्त आवाजावरून तिला वाटलं होतं, बाई चांगल्या उंचपुऱ्या असतील. त्या जेमतेम तिच्या खांद्याला लागत होत्या.

आता दर बुधवारी दुपारी दोन ते तीन रचना हॉस्पिटलच्या तळमजल्यावर क्लेमचे कागद कसे भरायचे याचा वर्ग घेते. पहिल्या बुधवारी तीन नर्सेस, एक वॉर्डबॉय आणि शालन एवढेच आले. कोण काय विचारेल याची रचनाला धाकधूक होती, म्हणून तिने वहीत मुद्दे लिहून आणले होते. ती पहिला मुद्दा वाचायला लागली, तेवढ्यात मागे बसलेल्या नर्सने हात वर केला.

"मॅडम, आम्ही इतकं सगळं भरतो फॉर्ममध्ये. पण तिकडे बसलेलं माणूस आधी काय बघतं?"

रचनाने वही मिटली आणि खुर्ची ओढून त्यांच्यातच जाऊन बसली.

"चांगलं विचारलंस," ती म्हणाली. "आण बघू तो फॉर्म इकडे."